पिसाचं काम

"मावशी, तू बघशील ना?"

"कॉलेजात बाई म्हणायचं. किती वेळा सांगू?"

"बाई, तुम्ही बघाल ना?" बारकीने जीभ चावली आणि हसली. "मोठ्या सरांनी बोलावलंय. मुलाखतीला काय काय विचारतात ते सांगणार आहेत. ही गेले आणि ही आले."

"आणि ही प्लेट? आत्ता कुठे ॲसिडात घातलीस."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. भिंत हलकी हवीय मला. धुरकट, असून नसल्यासारखी. थोडाच वेळ ठेवायची आणि काढायची. तुम्हाला काय सांगायचं म्हणा." तिने हातातलं पीस बाईंच्या हातात दिलं, एप्रन खुंटीवर फेकला, तो खाली पडला, तो तसाच ठेवला आणि गेलीसुद्धा.

बाईंनी एप्रन उचलून खुंटीला लावला. घरीही हेच चालायचं.

छापचित्रांच्या विभागात ॲसिडची खोली सगळ्यात शेवटी होती. एक मोठी खिडकी, धूर ओढणारा पंखा, नळ आणि टेबलावर पांढरे पसरट ट्रे. काम म्हटलं तर सोपं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा काळा लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा ॲसिडात सोडायचा. सुईने लेप खरवडून जिथे जस्त उघडं पडलंय तिथे ॲसिड ते खातं. थोडं खाल्लं तर रेघ फिकी छापली जाते, जास्त खाल्लं तर काळी. खाताना रेघेवर बारीक बुडबुडे धरतात. ते वेळच्या वेळी बाजूला सारावे लागतात, नाहीतर रेघ कुठे खोल, कुठे उथळ, उंदराने कुरतडल्यासारखी होते. आणि हे बुडबुडे सारायला पिसासारखं दुसरं काही नाही. कुंचल्याचे केस झडतात, काडीने लेप खरवडतो. त्यामुळे या विभागातली माणसं रस्त्याने खाली मान घालून चालायची आणि कावळ्याचं, बदकाचं, कबुतराचं मिळेल ते पीस खिशात घालायची. नव्या मुलांना पहिल्या दिवशी बाई सांगायच्या, "चित्र काय काढायचं ते सर शिकवतील. माझ्याकडून एवढंच शिका. बुडबुडा दिसला की पीस फिरवायचं. दुसरीकडे बघायचं नाही."

बाई या विभागात साहाय्यक होत्या. साहाय्यक म्हणजे शाई, कागद, ॲसिड, दाबयंत्र आणि मुलांची रडगाणी, सगळं त्यांच्याकडे. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. बाई आणि मोठे सर एकाच वर्गात शिकले होते, हे आता कुणाला सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

कॉलेजातून शेवटच्या वर्षाच्या एकाच मुलाला परदेशी शिकायला पाठवायचे. जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा खर्च शिष्यवृत्तीतून व्हायचा. त्यांच्या वर्षी शेवटपर्यंत दोनच नावं राहिली होती. तुझंच होणार, असं सगळे बाईंना म्हणत. शिपाई म्हणाला, ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, दुसरं नाव ज्याचं होतं तो वर्गमित्रसुद्धा म्हणाला. इतके जण म्हणाले की त्यांनी निकालाच्या आधीच कोट घेऊन ठेवला. गडद निळा, लोकरीचा, गुडघ्याखाली जाणारा. इथे तो कोट घालावा अशी थंडी पडतच नाही. आरशासमोर घालून बघितला तेव्हा धाकटी बहीण म्हणाली होती, "आत्ताच परकी दिसायला लागलीस."

निकाल लागला तो वर्गमित्राचा. परीक्षकांपैकी एकाने जाता जाता बाईंना समजावलं, की काम तुमचंही उत्तम आहे, फक्त जरा सांभाळून केल्यासारखं वाटतं. हे 'सांभाळून' बाईंच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येत नव्हता. कोट डांबरगोळ्या घालून कपाटात गेला.

वर्गमित्र वर्षभराने परत आला तो गळ्यात मफलर आणि तोंडात एक वाक्य घेऊन. "मी तिकडे असताना." मी तिकडे असताना पावसातसुद्धा संग्रहालयापुढे रांग असायची. मी तिकडे असताना एक म्हातारा छापणारा होता, शाईच्या वासावरून सांगायचा ती कधी वाटलीय ते. पुढे ते शिक्षक झाले, मग प्रमुख झाले, मफलर विरला, वाक्य काही विरलं नाही. बाईंची खरी पंचाईत अशी की माणूस चांगला होता. ही नोकरी त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती. आजारपणात डबा पाठवला होता. माणूस वाईट असता तर हेवा करणं किती सोपं गेलं असतं. चांगल्या माणसाचा हेवा लपूनछपून करावा लागतो आणि वर त्याची लाज वाटते ती वेगळीच.

दरवर्षी कोणीतरी जायचं. बाईच त्यांच्या प्लेटा सुधारून द्यायच्या, छापून द्यायच्या, आणि ती मुलं तिकडून रंगीत कार्डं पाठवायची. कार्डं विभागातल्या फळ्यावर लागत आणि त्यांच्यावरची धूळ बाई झटकत. तो हेवा सर्दीसारखा होता. वर्षातून एकदा यायचा, डोळ्यात पाणी आणायचा आणि जायचा.

बारकीची गोष्ट मात्र तशी नव्हती. ती धाकट्या बहिणीची मुलगी. जन्माच्या वेळी अगदीच मूठभर होती, म्हणून बारकी. शिकायला म्हणून बाईंकडे राहायला आली तेव्हा बाई एकट्याच होत्या, त्यांना केवढा आनंद झाला होता. सुई कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं. आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत ते घडायला लागलं. पोरगी उशिरा उठायची, टॉवेल पलंगावर टाकायची, चहाचा कप खिडकीत विसरायची, आणि सुई हातात घेतली की जी रेघ बाईंना जन्मभर घासून आली नाही ती हिच्या हातून सहज उतरायची. बाई तिचं कौतुक करायच्या. मनापासून करायच्या. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासायच्या.

आज सकाळी बारकी पावाला लोणी लावता लावता म्हणाली होती, "मी तिकडे गेल्यावर तुला एकटं वाटेल ना गं?"

अजून मुलाखत व्हायची होती, चित्रं द्यायची होती, आणि ही तिकडे गेलीसुद्धा. बाईंना वाटलं, हीच जागा, हेच वय, आणि मी तेव्हा नुसता कोट घेतला तर माझं केवढं हसं झालं.

"आधी जा तर," त्या म्हणाल्या होत्या.

आता त्या ट्रेवर वाकून पीस फिरवत होत्या. प्लेटवर त्यांचंच घर होतं. स्वयंपाकघराची भिंत, टेबल आणि खुर्चीत पाठमोरी बसलेली एक बाई. ही बाई कोण ते बारकीला विचारायची गरज नव्हती. भिंतीवर बारीक रेघांचं जाळं होतं, कोळ्याने विणावं इतकं तलम. खुर्चीतल्या बाईला मात्र तिने वार्निश लावून झाकून टाकलं होतं, तिथे ॲसिड पोचणार नव्हतं. तिचं काम ती मागाहून निवांत करणार होती.

वेळ झाली होती. म्हणजे प्लेट उचलायची वेळ. बाईंना घड्याळ लागत नसे, बुडबुड्यांच्या रंगावरून कळायचं.

शेजारच्या खोलीतून मोठ्या सरांचा आवाज आला. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती.

"मी तिकडे असताना एकदा काय झालं..."

आणि बारकी हसली. पुढे काय झालं ते ऐकू आलं नाही, नुसतं हसणं आलं. बरोबरीच्या माणसाशी हसावं तसं. म्हणजे आता हे दोघं तिकडचे झाले, आणि मी इकडे हिची भिंत सांभाळतेय. हा विचार बाईंच्या मनात इतका स्वच्छ आला की त्यांचा हात थांबला.

पीस हातातच होतं. खाली रेघांवर बुडबुडे जमले, फुगले, एकमेकांना चिकटले. बाई बघत राहिल्या. काढ, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन काहीच म्हणत नव्हतं, ते नुसतं बघत उभं होतं. विसरले, लक्ष नव्हतं, चक्कर आली, असं काही नव्हतं. त्यांना सगळं दिसत होतं. रेघा फुगून एकमेकींत मिसळताना दिसत होत्या, लेप कडेने उचलला जाताना दिसत होता. पिवळट वाफ नाकात गेली आणि खोकला आला, तेव्हा कुठे त्यांनी हातमोजे चढवून प्लेट उचलली आणि नळाखाली धरली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बारकी आली ती धावतच. "सर काय भारी आहेत हो बाई. त्यांनी..." मग तिचं लक्ष प्लेटकडे गेलं.

"माझं लक्ष नव्हतं," बाई म्हणाल्या.

बारकीने प्लेट उजेडात तिरकी धरली. भिंतीवर बोट फिरवलं. तिचा चेहरा आधी कळेनासा झाला, मग उतरला. चित्रं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. नवा लेप, नवं रेखाटन, नवी प्लेट, काहीच होण्यासारखं नव्हतं. तिने प्लेट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हरकत नाही, मावशी."

कॉलेजात बाई म्हणायचं, हे त्या वेळी बाईंना सांगवलं नाही. त्यांना ती रडलेली चालली असती, ओरडलेली चालली असती. हे 'हरकत नाही' त्यांना सोसवेना.

संध्याकाळी दोघींनी प्लेट छापली. बारकीने शाई भरली, पुसली, ओला कागद घातला. दाबयंत्राचं चाक नेहमीप्रमाणे बाईंनी फिरवलं. या चाकाला किती जोर लागतो ते त्यांच्या खांद्याला ठाऊक होतं. कागद उचलला आणि दोघी वाकून बघू लागल्या.

धुरकट भिंत गेली होती. तिच्या जागी सोललेली, खाल्लेली, पोपडे धरलेली एक भिंत आली होती. मधे राखाडी आणि खडबडीत, कडांना काळीकुट्ट, जागोजागी रेघा फुटून खड्डे पडलेले. टेबलाचा एक पाय तिने गिळला होता. आणि या सगळ्याच्या पुढे खुर्चीतली ती पाठमोरी बाई, पांढरी, कोरी, जिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

"हिच्यावर काम करायचं राहिलंय," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच खोटा वाटला.

"नाही करत," बारकी म्हणाली. ती चित्राकडे टक लावून बघत होती. "असंच लावते."

निवडीच्या दिवशी कॉलेजच्या दालनात भिंतींवर चित्रं लागली होती. विभागाच्या साहाय्यकांनी एका बाजूला बसायचं, विचारलं तर बोलायचं, अशी तिथली रीत होती. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. बाहेरून दोन परीक्षक आले होते, एक उंच म्हातारे शिल्पकार आणि एक चित्रकार बाई, जिचा चष्मा साखळीला लटकत होता. तिसरे मोठे सर.

बारकीची चित्रं बघत परीक्षक पुढे पुढे सरकत होते. चांगलं, छान, हात आहे हो. बाईंना हे शब्द पाठ होते, याच शब्दांनी त्या मागे पडल्या होत्या. मग चष्मेवाली भिंतीच्या चित्रापाशी थांबली. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बाकीचं सगळं फार सांभाळून केलंय," ती म्हणाली. "हे बघा. हे नाही सांभाळलेलं."

म्हातारे शिल्पकार जवळ गेले. "बापरे. ही भिंत तर त्या बाईला खायला उठलीय."

"आणि ती उठत नाहीये," चष्मेवाली म्हणाली. "बसून आहे." मग बारकीकडे वळली. "कशी केलीस ही भिंत?"

बाईंनी आपले हात मांडीवर घट्ट धरले.

"मी नाही केली," बारकी म्हणाली.

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. बारकी पुढे म्हणाली, "म्हणजे रेघा माझ्या. पण मला भिंत फिकी हवी होती. प्लेट मी बाईंच्या हाती देऊन गेले होते. त्यांनी जास्त वेळ ठेवली. छापलं तेव्हा वाटलं, मला जे म्हणायचं होतं ते हेच. मला ते माहिती नव्हतं."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत या दालनात बाईंकडे कोणी बघितलं नव्हतं.

"काय बाई?" मोठे सर म्हणाले. "काय झालं होतं नेमकं?"

आता बोलायचं तेवढं होतं. चूक होती, असं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. चुकून झालेल्या चित्रावर परदेशी कोण पाठवतं? आणि ते धड खोटंही ठरलं नसतं. बाईंना समोर बारकी दिसत होती, घाबरलेली आणि तरी ताठ उभी. आपण इथे उभ्या होतो तेव्हा अशा ताठ होतो का, ते त्यांना आठवेना. दुसऱ्याने केलं म्हणून सांगायची हिंमत तर आपल्यात कधीच नव्हती. आपण सांभाळलं असतं. हेवा तेव्हाही वाटला, अगदी त्या क्षणीसुद्धा, आणि या वेळी तो रेघेचा नव्हता.

"प्लेट तिची आहे," बाई म्हणाल्या. "लावायची की फेकायची ते तिने ठरवलं. मी आपली पीस फिरवत होते."

हे शेवटचं वाक्य शुद्ध खोटं होतं. परीक्षक हसले, मोठे सर सगळ्यात जास्त हसले.

संध्याकाळी फळ्यावर बारकीचं नाव लागलं.

धाकटीचा फोन आला तेव्हा बारकी शेजारी पेढे वाटायला निघावं तशी सगळ्या जिन्यावर बातमी वाटत सुटली होती. धाकटी आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "ताई, तुझ्यामुळे झालं गं सगळं. माझ्या पोरीचं नशीब, तुझ्या घरी राहिली."

"माझं काय त्यात."

"आणि ऐक ना. तुझा तो कोट आहे ना अजून? निळा? नुसता पडूनच आहे म्हणून म्हटलं. तिकडे थंडी फार असते म्हणतात. दे ना हिला. नवा कशाला घ्यायचा?"

"त्याला कसर लागलीय," बाई लगेच म्हणाल्या.

"अगं बाई. सगळा?"

"सगळा. चाळण झालीय नुसती."

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाट उघडलं. कोटाला काही झालं नव्हतं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि खिशाची शिवण अजून नव्यासारखी बंद होती, दुकानातून आणल्यावर उसवायची राहून गेली होती. प्लेट दिली, भिंत दिली, बाईंना वाटलं, आता कोटही द्यायचा? कपाट त्यांनी लावून घेतलं.

पुढचे दिवस भराभर गेले. घरात मोठी बॅग आली. ती बैठकीच्या खोलीत आ वासून पडलेली असायची आणि बाईंना येता-जाता तिला वळसा घालावा लागायचा. त्यांना त्या बॅगेचाही हेवा वाटला, म्हणजे कुठवर मजल गेली होती बघा. बारकी आता सारखी तिकडच्या गप्पा करायची. मी तिकडे गेल्यावर केस कापणार, मी तिकडे गेल्यावर रोज चालत जाणार. बाई हं हं करायच्या आणि ती जे कपडे चुकीची घडी घालून ठेवी त्यांची मुकाट्याने पुन्हा घडी घालायच्या.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बारकीने दोन स्वेटर एकावर एक घालून बघितले आणि म्हणाली, "होईल एवढ्यावर." हात काही खाली येईनात. पोरगी भर उन्हात स्वेटरात घामाघूम होऊन, हात पसरून उभी होती आणि हसत होती. तिच्या कानाजवळ शाईचा डाग होता. हजारदा सांगितलं होतं, साबणाने जात नाही, तेल लावून काढ.

बाई उठल्या, कपाट उघडलं आणि कोट आणून पलंगावर टाकला.

"याला कसर लागली होती ना? आई म्हणाली."

"रफू केलं."

बारकीने कोट उलटापालटा केला. "कुठे? दिसत तर नाहीये."

"दिसलं तर ते रफू कसलं? घाल."

तिने घातला. खांद्यात बसला, बाह्या मनगटापर्यंत आल्या, मापाने शिवल्यासारखा. ती आरशासमोर गेली. बाईंनी पलंगाचा कठडा धरला. आरशात काय दिसणार ते त्यांनी फार वर्षांपूर्वी बघून ठेवलं होतं.

"मावशी," बारकी आरशातूनच म्हणाली. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तू प्लेट मुद्दाम ठेवलीस ना जास्त वेळ?"

हे येणार होतं, कधीतरी येणारच होतं. त्यांनी ठरवलं, आता खोटं नको. जायच्या वेळी तरी नको.

"हो," त्या म्हणाल्या. "मुद्दाम."

"मला वाटलंच होतं." बारकी वळली. तिचे डोळे भरून आले होते. "त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले होते. मनातल्या मनात काय वाट्टेल ते बोलले तुला. आणि तू... मी सांगून ऐकलं नसतं, म्हणून करूनच दाखवलंस. बघ, असं असतं, सोडून दे सांभाळणं. दुसऱ्या कोणी एवढी जोखीम घेतली असती का माझ्यासाठी?"

बाईंनी तोंड उघडलं. तसं नव्हतं गं, एवढंच म्हणायचं होतं. मला तुझा राग आला होता, तू हसत होतीस आणि मला ते बघवलं नाही. शब्द तयार होते. पण बारकीने पुढे येऊन कोटासकट त्यांना मिठी मारली, डांबरगोळ्यांचा वास दोघींच्या नाकात गेला, आणि बाईंना कळलं की खरं तर आपण आत्ताच सांगून टाकलं. तिने ते भलतंच करून घेतलं. आता ते परत मागून घेणं म्हणजे तिच्या अंगावरून कोट काढून घेण्यासारखं होतं.

"तेल लाव त्या डागाला," बाई म्हणाल्या.

"तुझं पीस देशील मला? तेच, त्या दिवशीचं?"

"तिकडे पिसं नसतील होय?"

"असतील. पण मला ते हवंय."

ते बदकाचं पीस बाईंनी धुवायला घरी आणलेल्या एप्रनच्या खिशात होतं, टोकाला पिवळं पडलेलं. त्यांनी आणून दिलं. बारकी ते कोटाच्या खिशात घालायला गेली तर खिसा शिवलेला. बाईंनी छोटी कात्री आणली आणि इतक्या वर्षांची ती शिवण टाका टाका करून उसवून दिली.

बारकी गेल्यानंतर बाई कॉलेजात आल्या त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची प्लेट ॲसिडात जायची होती. "बाई, पीस कुठाय?" मुलीने विचारलं, आणि बाईंचा हात सवयीने रिकाम्या खिशात गेला.

"थांब. आणते. तोवर प्लेट घालू नकोस."

कॉलेजच्या मागे झाडांची रांग होती. बाई खाली मान घालून चालू लागल्या. समोरून मोठे सर आले, हातात चहाचा कप.

"काय हरवलं?"

"पीस बघतेय."

"अरे वा." कप कट्ट्यावर ठेवून तेही खाली बघत शेजारी चालू लागले. गुडघे दुखत असल्यामुळे जरा लंगडत होते. "पोचली का नीट?"

"पोचली. फोन आला होता. थंडी आहे म्हणाली."

"असणारच. मी तिकडे असताना..." ते म्हणाले आणि बाईंकडे बघून कसे कोण जाणे थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"सांग ना," बाई म्हणाल्या. एरवी कॉलेजात त्या त्यांना अहो-जाहो करायच्या. "तू तिकडे असताना काय? कोट लागायचा का रे?"

"लागायचा म्हणजे? लागायचाच. पण माझ्याकडे होता कुठे. एका मफलरवर वर्ष काढलं. रात्री सगळे कपडे एकावर एक घालून झोपायचो. तसं कोणाला सांगितलं नाही कधी."

बाई एका झाडापाशी थांबल्या. मुळाशी पाचोळा पडला होता, त्यात एक राखाडी पीस अर्धं दिसत होतं.

"माझा मागायचास," त्या म्हणाल्या. "नवा होता."

त्यांनी वाकून ते पीस उचललं, बोटांनी त्याचे केस सरळ केले, एप्रनला पुसलं आणि ॲसिडच्या खोलीकडे निघाल्या.